पुजलेला होल्डर

कुपवाड,
दसऱ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थस्वरूप लालासाहेब दाजींना शिवतेजचा वाकून नमस्कार. तिकडं बर्फ पडला असंल, कानाला बांधत जावा. (गुडघा कसा हाय? तेल लावताय न्हवं?) पलूसला तायडी बरी हाय असं शेजारचे सांगतात, माझा फोन ती उचलत न्हाई. मी महाबळेश्वरची टॅक्सी चालवायची सोडली तवाच म्हणाली होती, आता पुढच्या नोकरीतनंबी निघालास तर माझ्या दारात येऊ नगंस. ते असो.

तुमचे पलटणीतले दोस्त नानासो ह्यांनी मला वर्कशॉपात ठेवून घेतलं, लय उपकार. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सांगलीला होल्डर आणायला धाडलं. (होल्डर म्हणजे लोखंड कापणारी टीप घट्ट धरून ठेवतो तो दांडा. मलाबी आत्ताच कळलंय.) "नेहमीचा आण," म्हणाले. दुकानात नेहमीचा काळपट, आजारी दिसत होता. शेजारचा निम्म्या किमतीत, आणि असा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. मी पाडलासुद्धा. म्हटलं मालकाचे पैसे वाचवू, शाबासकी मिळंल. येताना भडंग घेतलं, ते मात्र चांगल्यातलं.

नवमीला नानासोंच्या आई बनुबाईंनी नवा होल्डर पाटावर मधोमध मांडला. हळदकुंकू एवढं वाहिलं की कंपनीचं नावच बुजलं, आणि नारळ फोडला तोबी त्याच्यावरच. दसरा झाल्यावर मशीन सुरू केलं तर टीप दुखऱ्या दातासारखी हालायला लागली. शाफ्टवर रेघोट्या, आणि आवाज असा की कुत्रं चेंगरलं का म्हणून शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली. सोमवारी कंपनीचा साहेब नमुन्याचा शाफ्ट बघायला येणार. पसंत पडला तर वर्षभराचं काम, न्हाईतर शेडला कुलूप.

मी गुपचूप होल्डर काढून दुकानात नेला. रॉकेलनं पुसला होता, पण खाचेतली हळद काय निघंना. दुकानदार बघूनच मागं सरकला. "पुजलेलं हत्यार परत घिऊ? माझ्या धंद्यावर उठलास व्हय रं?" परत येऊन बसवला. (बनुबाईंनी पुसलेला बघून परत कुंकू लावलं.) नानासोंचा संशय मशीनवर. सगळं खोलून पत्र्यावर त्याची आतडी मांडली, दोष काय सापडला न्हाई, परत जोडलं. मला जेवण जात न्हाई, दाजी.

आपला,
शिवतेज

ता. क. – खरं काम असं, की तायडीला तुमीच समजवा. माझी गादी माळ्यावर हाय, तेवढी काढून ठेवावी. जास्त दिवस न्हाई राहणार.

ता. क. २ – पाकीट चिकटवणार तेवढ्यात नानासोंनी मशीन चालवणाऱ्या उदयसिंहला सांगलीला पिटाळलं. "ह्यो एखादा नग खराब असंल. शिवतेजनं आणला तसलाच दुसरा आण." त्यानं दुकानात माझं नाव सांगून अगदी तसलाच आणला, आणि बनुबाईंनी त्यालाबी कुंकवानं माखलं. तोबी केकाटला. आता दोन-दोन होल्डर खराब कसे असतील, म्हणून नानासोंनी मशीनच विकायला काढलंय, गिऱ्हाईक वाटेत हाय. मी सांगायला आत चाललोय. गादी आजच उन्हात टाकायला सांगा.