खोकल्याच्या आधीचा श्वास

मास्तर, तुमचा टेपरेकॉर्डर अजून माझ्याकडे आहे. चालत नाही. आतला पट्टा सैल झालाय आणि तसला पट्टा आता दुबईत कुठल्याच दुकानात मिळत नाही, मी विचारून पाहिलंय. पण थांबवायचं बटण दाबलं की टक् आवाज येतो, अगदी पूर्वीसारखा. बायको म्हणते, हे धूड एकदाचं टाकून द्या. घर दुबई मरीनात, खिडकीखाली पाणी आणि पांढऱ्या बोटी, आणि कपाटात हा कळकट खोका. मी म्हणतो, राहू दे, अँटिक आहे. तिला ते पटत नाही, आणि खरं कारण सांगायला बसलो तर सगळंच सांगावं लागेल.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातली ती खोली आठवते ना? पत्र्याची शेड, मागे कंप्रेसर, आणि आत आपण सगळे कोकणातले. तुम्ही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. फायबरच्या टाक्यांच्या वर्कशॉपमध्ये घासकामाचे फोरमन होता, तोंडाला फडकं बांधून दिवसभर त्या पांढऱ्या भुकटीत उभे. मास्तर हे नाव पडलं ते पेपरमुळे. ऑफिसातले मॅनेजर वाचून झालेला इंग्रजी पेपर तुम्हाला द्यायचे आणि त्यातलं कॉम्प्युटरचं पान तुम्ही शुक्रवारसाठी राखून ठेवायचात. शुक्रवारी सकाळी आंघोळी उरकल्यात, आपला स्वयंपाकी मटणाला वाटण लावतोय, आणि तुम्ही खालच्या बंकवर मांडी घालून बसता, चष्मा पुसता, इंग्रजी ओळ ओठांतल्या ओठांत म्हणता आणि मग मान वर करून मराठीत सांगता. अमेरिकेत एक बाई घरबसल्या कॉम्प्युटरवरून पुस्तकं मागवते. लंडनला पत्र पाठवलं तर बोट उचलायच्या आत पोचतं. लवकरच माणसं ऑफिसला जाणार नाहीत, ऑफिसच घरी येईल. स्वयंपाकी विचारायचा, "मास्तर, त्या इंटरनेटवर डाळ शिजते का बघा, माझा गॅस वाचेल." तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणायचात, "शिजेल. इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी."

मी तेव्हा चोविशीचा, नवा, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. माझ्या लक्षात आलं की बातमी असते अंगठ्याएवढी आणि तुमचं सांगणं चालतं चहा थंड होईपर्यंत. वाचताना तुमचा आवाज सपाट असायचा आणि पदरचं घालायला लागलात की त्याला जरा चाल लागायची. एका शुक्रवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, मास्तर, एवढं काही त्यात लिहिलेलं नाही. खोली हसली. तुम्हीही हसलात, पेपराची घडी घातलीत. नंतर नळावर मला गाठून म्हणालात, "कान चांगले आहेत रे तुझे. पण चारचौघांत दुसऱ्याची फजिती करायलाच वापरलेस तर आयुष्यभर ग्राइंडर धरशील." मला वाटलं, झालं, आता हा माणूस आपल्याला शेडमध्ये पिदडणार.

झालं उलटंच. शनिवारी तुम्ही मला हाताला धरून ऑफिसात नेलंत. मॅनेजर पुण्याचे, साधं मराठी बोलतानाही मधेमधे ॲक्च्युअली म्हणणारे. त्यांनी नवा मोडेम घेतला होता, तो फोनच्या लाइनवर किंचाळायचा, खरवडल्यासारखा आवाज करायचा आणि ऐन वेळी तुटायचा. तुम्ही म्हणालात, साहेब, याला दोन दिवस मशीनपाशी बसवा. मला कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ऐकायला काय लागतं? दुसऱ्या किंकाळीनंतर खरखर आली की कनेक्शन टिकणार नाही, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की खरखर येते ती मागे कंप्रेसर सुरू होतो तेव्हा. फोनची वायर त्याच्या वायरीला चिकटून गेली होती. ती वेगळी काढली आणि काम झालं. मॅनेजर म्हणाले, "यल्ला, चल, उद्यापासून तू इथेच." त्यानंतर मी भुकटीत परत गेलो नाही. पुढे मी वायरिंग शिकलो, लोकांच्या घरी इंटरनेट जोडून द्यायला लागलो, स्वतःचं दुकान टाकलं, आणि आज माणसं मला शेठ म्हणतात. पार्टीत लोक विचारतात, तुमची सुरुवात कशी झाली, तर मी मोडेमची गोष्ट हसतखेळत सांगतो. मला ज्यानं त्या शेडमधून उचलून काचेच्या खोलीत बसवलं तो स्वतः पुन्हा फडकं बांधून शेडमध्ये गेला, हा भाग पार्टीत सांगत नाही.

तुमचा खोकला पहिल्यांदा मी कॅसेट भरताना ऐकला. आपल्या खोलीत सगळेच कॅसेट भरायचे. कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत साबण, अत्तर, दुधाची पावडर आणि सगळ्यांच्या कॅसेटी. तुमची बारी आली की खोली गप्प व्हायची, स्वयंपाकी कुकरखालचा गॅस बंद करायचा. तुम्ही मशीनसमोर ताठ बसून बोलता, घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, आंब्याला यंदा मोहर कसा आहे, थोरल्या काकांचा गुडघा कसा आहे. कारण कॅसेट घरात एकटं कोणी ऐकत नसे, ओटीवर सगळी वाडी जमायची. वरच्या बंकवरून मला ऐकू यायचं. तुमच्या खोकल्याच्या आधी एक श्वास यायचा, आखूड, खिळ्याला कपडा अडकावा तसा. तो आला की टक्, बटण दाबलेलं. मग तुम्ही उशीत तोंड घालून मनसोक्त खोकायचात, पाणी प्यायचात, डोळे पुसायचात, पुन्हा टक्, आणि "तर मी काय सांगत होतो" म्हणून पुढे सुरू.

मुलीचं लग्न जमवायचं होतं. बाप आखातात खोकतोय हे वाडीला कळलं की क्षय म्हणायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टरकडे जायचं तर एक्स-रे, आणि एक्स-रेत डाग दिसला की अनफिटचा शिक्का आणि घरी रवानगी, ही तुमची दुसरी भीती. म्हणून तुम्ही फार्मसीतलं लाल औषध प्यायचात आणि फडकं दुहेरी बांधायचात. मी दोनदा सांगून पाहिलं. तुम्ही म्हणालात, लग्न खलास झालं की कायमचा घरी जातो, मग खोकतो हवं तेवढं.

मग त्या शुक्रवारची बातमी. मी तोवर दुकान टाकलं होतं, वेगळा राहत होतो, पण शुक्रवारी मटणाला आणि बातम्यांना यायचो. तुम्ही पान उघडलंत आणि सांगितलंत की कॉम्प्युटरवर बसवायचा लहानसा कॅमेरा निघालाय, दुबईत दोनशे दिरहमला, म्हणजे आपले जवळजवळ अडीच हजार. आणि पान उलटलंत. संपली बातमी. इतक्या वर्षांत तुम्ही कधी बातमी कमी करून सांगितली नव्हती. चाल नाही, मीठमसाला नाही, स्वयंपाक्याला टोमणा मारायची संधीसुद्धा दिली नाहीत. जेवणं झाल्यावर मी तो पेपर घेऊन बसलो. एव्हाना मला इंग्रजी वाचता येत होतं. बातमी मोठी होती, वर फोटो. फोटोत एक म्हातारा कॉम्प्युटरसमोर बसलाय आणि पडद्यावर लांब देशातली नातवंडं त्याचं तोंड बघून हात हलवतायत.

कॅसेटला बटण होतं, मास्तर. तोंडाला कुठून आणणार होता?

तुम्ही पान उलटलंत म्हणून काय बातमी थांबणार होती? वर्षाच्या आत चिपळुणात सायबर कॅफे निघाला. तुमच्या मुलाचा माझ्या दुकानाच्या पत्त्यावर ईमेल आला की येत्या शुक्रवारी आईला घेऊन येतो, बाबांना कॅमेऱ्यासमोर बसवा. मी तो तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही फॅनकडे बघत म्हणालात, पोरगं फार पुढे गेलं.

त्या शुक्रवारी तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी क्षणभर ओळखलं नाही. केसांना कलप, अंगात स्वयंपाक्याचा इस्त्रीचा शर्ट, कॉलरमध्ये मान हलतेय, आणि गालांना पावडर, त्यावर अगदी पुसटसा लाल रंग. गावच्या नमन-खेळ्यांत तुम्ही सोंगं घ्यायचात, रंग लावायचं तुम्हाला नवीन नव्हतं. बरोबर आलेला स्वयंपाकी म्हणाला, "मास्तर, राधेचं सोंग हाय काय आज?" तुम्ही हसलात आणि हसतानाच तो अडकलेला श्वास आला. खोकून झाल्यावर तुम्ही माझा हात धरलात. "तुला आधी कळतं ना? मला खोकला येतोय असं वाटलं की आवाज बंद कर. पलीकडे काही जाता कामा नये."

मी माउस धरून तुमच्या शेजारी बसलो. पलीकडचं चित्र चौकोनाचौकोनांनी येत होतं, आधी वहिनींच्या डोक्यावरचा पदर, मग कपाळ, मग डोळे. त्यांच्यामागे वाडीतली आणखी माणसं दाटून उभी. वहिनी फार बोलल्या नाहीत. जेवता ना, एवढं विचारलं. जरा उजेडाकडे तोंड करा म्हणाल्या. तुम्ही केलंत, छान हसलात. श्वास आला, मी आवाज बंद केला, तुम्ही खोकलात, मी सुरू केला. पुन्हा श्वास, पुन्हा बंद. एकदाही चुकलो नाही, मास्तर. मोडेम ऐकून पोट भरणारा माणूस मी. आवाज बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असंच धरून चाललो होतो. चित्र चालूच होतं. पलीकडे ते थांबत थांबत पोचत होतं, वाकलेली पाठ, तोंडावर धरलेली मूठ, खांदे, पुन्हा खांदे.

मी तिसऱ्यांदा आवाज सुरू केला. मग वहिनींचा आवाज आला, लाइनीवर उशिरा, पण स्वच्छ.

"खोकून घ्या. मी थांबते."

तुम्ही खोकलात. या वेळी मी माउसला हात लावला नाही. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. त्या थांबल्या खऱ्याच. संपल्यावर म्हणाल्या, लग्नाचं आम्ही बघतो, तुम्ही या. तुम्ही मान हलवलीत, आणि ती हललेली मान पलीकडे पोचायच्या आत लाइन तुटली.

त्या आठवड्यात तुम्ही सुट्टी मागितलीत. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत आणि मालक परदेशी गेलेले. मॅनेजर म्हणाले, ॲक्च्युअली माझ्या हातात काहीच नाही. मी रोज फोन करत होतो, रोज एकच उत्तर, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात. मालक परत आले तेव्हा तुम्ही सरकारी दवाखान्यात होता, तोंडावर ऑक्सिजनची प्लास्टिकची वाटी, आणि तुमचा तो आधीचा श्वासच उरला होता, खोकायला मागे जोर नव्हता. स्वयंपाकी डबा घेऊन यायचा आणि भरलेला परत न्यायचा. एका सकाळी तो दारातच उभा राहिला, आत यायला तयार होईना, तेव्हा मला कळलं. तुमचा पासपोर्ट मिळाला, पण तो पेटीबरोबर लावायच्या कागदांत.

पेटीबरोबर मी आलो. तेराव्यानंतर निघताना वहिनींना म्हणालो, मास्तरांना फार वाटत होतं की तुम्हाला कळू नये. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "कॅसेटीत टक् वाजलं की ओटीवर सगळे मान खाली घालायचे, भाऊ. परत ते बोलायला लागेपर्यंत कोणी चहासुद्धा प्यायचं नाही. व्याही बसले होते एकदा. त्यांनीही घातली." मग सूप झटकून म्हणाल्या, त्यांनी तरीही मागणी घातली हो. मी विचारलं, मग मास्तरांना सांगितलं का नाहीत, घरी बोलावलं का नाहीत? त्या म्हणाल्या, ते एवढं सांभाळून बटण दाबायचे, त्यांना वाईट वाटलं असतं.

यावर मी इतकी वर्षं विचार करतोय. राग आणायचा प्रयत्न केला, त्यांचा, तुमचा, त्या मालकाचा. मालकाचा तेवढा टिकला.

तुम्ही पदरचं घालून सांगितलेल्या बातम्या जवळजवळ सगळ्या खऱ्या झाल्या, डाळ सोडून. माझी मुलगी कॅनडात आहे. फोन उचलला की तिचा चेहरा समोर, तिच्या गालावरचा तीळ दिसतो इतका साफ. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. हे पत्र मी कॉम्प्युटरवरच टाइप करतोय. दुकानात तुमच्यासाठी एक ईमेलचा पत्ता काढून दिला होता, तुम्ही कधी वापरला नाही, आणि तो केव्हाच बंद झालाय, मी बघितलं. तेव्हा हे इथेच राहणार.

एक सांगायचं राहिलं. गेले काही महिने मला तो श्वास येतोय, आखूड, अडकणारा. मला तो ओळखायला डॉक्टर लागत नाही आणि म्हणूनच मी गेलो नाहीये. मुलीचं बाळंतपण जवळ आलंय, तेवढं होऊ दे म्हणतो. परवा शुक्रवारी बोलताना तो आला तसा मी आवाज बंद केला. तुमच्या वेळची चूक ध्यानात होती, म्हणून कॅमेराही बंद केला. खोकून, पाणी पिऊन परत आलो आणि म्हणालो, नेट स्लो आहे गं इथलं. ज्यानं आयुष्यभर नेट विकलं तो हे म्हणाला.

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "टेक युअर टाइम."