बंड्याला सांग

यांनी फावडं नळाखाली धुतलं. मी टॉवेल दिला आणि आत आले. आई, बंड्या आज दुपारी गेला. मागच्या पेरूखाली पुरला. म्हातारा झाला होता, त्रास झाला नाही. तू काळजी करू नकोस.

शिरीषसारखा तरणा मुलगा गेल्यावर त्याचा हा कुत्रा आम्हाला उरला. मी त्याच्याशी माणसासारखी बोलते म्हणून तू हसायचीस. खरं म्हणजे आम्ही दोघं त्याच्यामार्फतच बोलत होतो.

"बंड्या, विचार साहेबांना, अजून एक पोळी वाढू का?"

"बंड्या, सांग बाईसाहेबांना, पोटात जागा असती तर मागितली असती."

बंड्या आळीपाळीने दोघांकडे बघायचा. आम्ही एकमेकांकडे बघितलं की शिरीष दिसायचा. बंड्याकडे बघून बोलता यायचं.

आज जेवताना यांना मीठ हवं होतं. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी मीठ पुढे सरकवलं. दोघंही पोटभर जेवलो, एवढं बाबांना सांग. बाकीचं वाचून दाखवू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

तुझी,
वासंती

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी मी खिडकीशी बसले होते. हे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि बंड्याच्या रिकाम्या गोणपाटाकडे बघत म्हणाले, "सांग तिला, दूध उतू जातंय." मी उठून गॅस बंद केला.