वास गेला म्हणून उतरलास

प्रिय दादा,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी कितीदा भांडले, पण कागद आज घेतला. तुझा खुनी समजून मी ज्याचं डोकं फोडलं, त्याने तुला मारलंच नव्हतं, हे मला आज कळलं. वहिनीला सांगायची हिंमत अजून झालेली नाही. म्हणून आधी तुला सांगते.

तुझ्या खलाशाचं, धर्माचं डोकं, दादा! वीस वर्षं तुझ्या बोटीवर तुझ्याच ताटात जेवलेल्या धर्माचं.

त्या दिवशी मी पनवेलहून करंजाला मासळी न्यायला आले होते. इंजिन बंद पडून तुमची बोट चार दिवस समुद्रात अडकलेली, दुसऱ्या बोटीने ओढत आणलेली. बर्फ वितळून बोटीच्या पोटातल्या खणातली सगळी मासळी सडली होती. तू खणाचं झाकण उघडलंस तशी धक्क्यावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले. जरा वेळाने तूच आत वाकून म्हणालास, "वास गेला रे. उतरतो मी." धर्मा म्हणाला, "थांब, पानी मारू दे आधी." तू कधी कुणाचं ऐकलंयस? नुसत्या वासावर पापलेट किती दिवसांचं ते सांगणारा तू! उतरलास आणि पोतं पडावं तसा पडलास.

तुझा निलेश "बाबा" ओरडत खणाकडे धावला. आणि धर्माने बांबू उचलून त्याच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला धक्क्यावर ऐकू आला. पोर रक्त थुंकत पुन्हा उठलं, तर धर्माने गुडघ्यावर हाणला. मग लोखंडी आकडा खाली सोडून तुला वर ओढलं. आकड्याने तुझा दंड फाटला होता, आतलं मांस दिसत होतं. आम्हाला काय वाटलं असेल, तूच सांग! लेकाला तोडून बापाला मरू दिलं, आणि वर मढ्याला आकडा लावला.

बर्फ फोडायचा दांडका माझ्या हाताशी होता. पहिला घाव माझा. धर्माने हातसुद्धा वर केला नाही. मग सगळेच तुटून पडले, लाथा, वल्ही, हाताला येईल ते. "मारा त्याला!" म्हणून ओरडणारी मीच होते. त्यात त्याचा डावा डोळा गेला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी गॅसमुळे मृत्यू असं लिहून दिलं होतं. पण आम्ही म्हणत राहिलो, गुदमरलेल्या माणसाला काय वाचवता येत नाही? धर्माने वाचवू दिलं नाही, एवढंच आम्ही धरून बसलो.

आज निलेशला इथे पनवेलला तपासायला आणलं होतं. जबड्याला तारा बांधल्यात त्याच्या. तो डॉक्टरांकडे आत गेला आणि मी बाहेर आले, तर ड्रेसिंगच्या खोलीत धर्मा बसलेला. सिस्टरने त्याच्या डोक्यातल्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. पांढरा फेस उसळला, कानावरून गळायला लागला. त्याने दात आवळले. उरलेल्या डोळ्याने मला बघितलं आणि विचारलं, "बेबे, निल्या काय खातो का नाय?"

मी त्या फेसाकडे बघत होते. बटाट्याच्या फोडीवर पेरॉक्साइड टाकून हाच फेस मी दरवर्षी अकरावीला दाखवते. पेशीतलं एक एन्झाइम त्यातून ऑक्सिजन मोकळा करतं, म्हणून फेस. आणि सवयीने वर्गातलं पुढचं वाक्य आठवलं. पेशीत आणखी एक एन्झाइम असतं, ते श्वासातला ऑक्सिजन कामाला लावतं, तेव्हा अन्नातून ताकद मिळते. ते एन्झाइम बंद पडलं तर नुसत्या ऑक्सिजनचा काही उपयोग नाही. सडक्या मासळीचा गॅस नेमका त्याच एन्झाइमला जाऊन चिकटतो. तुझ्या रक्तात ऑक्सिजन होता रे, पण पेशींना तो वापरता येईना. एवढा गॅस असला की दोनचार श्वासांत माणूस आडवा होतो. आणि हा गॅस आधी नाक मारतो. दादा, वास गेला नव्हता! तुझं नाक गेलं होतं.

निलेश उतरला असता तर तुझ्या अंगावरच पडला असता. त्याच्यामागे आणखी कुणी गेला असता. आपल्यात रीतच आहे ना, एक पडला की दुसऱ्याने उडी घ्यायची, बघत राहील तो नामर्द! धर्माला एन्झाइम माहीत नाही. तू ज्या तऱ्हेने पडलास ते त्याने बघितलं आणि पोराला मारून बाहेर ठेवलं, स्वतःही न उतरता तुला आकड्याने वर काढलं.

मला मात्र माहीत होतं. गणपतीत तू विचारलं होतंस, "बेबे, खणात उतरलो का डोकं गरगरतं, काय हाय ते?" मी म्हणाले, तंबाखू कमी कर. परक्यांची पोरं वर्षानुवर्षं शिकवली आणि सख्ख्या भावाला दोन मिनिटं दिली नाहीत. माझं थोबाड फोडायला तू तरी हवा होतास. पण तूही काही कमी नाहीस! धर्मा थांब म्हणत होता, थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

निलेश जबडा न हलवता एकच बोलतो, "तार निघू दे, धर्म्याला चिरतो." कोयता घासून ठेवलाय त्याने. वहिनी त्याला अडवत नाही, गावात कुणीच अडवत नाही. पुढच्या आठवड्यात तार निघेल.

मी आज संध्याकाळीच करंजाला जातेय. वहिनी आणि निलेश, दोघांना समोर बसवून सगळं सांगणार आहे. डोळा गेलेल्या माणसावर पहिला हात मी टाकला, हेही सांगणार आहे. निलेश ऐकेल की नाही माहीत नाही, तुझंच रक्त आहे. नाही ऐकलं तर तार निघेल त्या दिवशी मी धर्माच्या दारात बसेन. निलेशला आत जायचं असेल तर आधी मला तोडून जावं लागेल. मी हलणार नाही, दादा. शब्द देते.

तुझी,
बेबी