पुढचं वाक्य

दादा,

पोलिसांना तू लिहून दिलंस, की मारणारे चौघे हेल्मेटमध्ये होते, ओळखू आले नाहीत. त्यातला एक मी होतो.

निगडीतल्या तुझ्या क्लासची क्लिप आमच्या चाकणच्या कंपनीत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. त्यात तू फळ्यापुढे म्हणत होतास, "देव आहे हे गणितानं सिद्ध होत नाही." जेवणाच्या सुट्टीत पोरं म्हणाली, "गणराज, तुझाच भाऊ देव नाही म्हणतो. तू बघतो का आम्ही बघू?"

"मीच बघतो," मी म्हणालो.

क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये पहिला रॉड मीच घातला, तुझ्या गुडघ्यावर. तू खाली पडून ओरडलास, "अरे, पुढचं वाक्य तरी ऐका!" तेव्हा मी तुझ्या तोंडावर बुक्क्या मारल्या, दात पडले तरी थांबलो नाही. खरं सांगू? त्या वेळी डोक्यात देव नव्हता. आई जन्मभर तुझ्याच हुशारीचं कौतुक करत राहिली, ते होतं.

पूर्ण क्लिप मी काल बघितली. पुढे तू म्हणतोस, "आणि देव नाही, हेही सिद्ध होत नाही. मी रोज हात जोडतो, पण पोरांनो, त्याला पुरावा म्हणत नाही."

आज दवाखान्यात तुझा जबडा तारांनी बांधलेला होता. वहिनी औषधं आणायला गेल्या, तेव्हा तू माझ्या मुठीवरच्या जखमांकडे बराच वेळ बघत राहिलास. मग कागदावर लिहिलंस, "धनुर्वाताचं इंजेक्शन घे."

घेतलं, दादा. पोलीस चौकीत मात्र अजून गेलो नाही.

तुझा,
गणराज