दारातली दुसरी बाई

९ नोव्हेंबर, रविवार

आज म्युझियम! अमेरिकेत ॲन आर्बरला लेकाकडे येऊन सहा महिने होत आले, निघायच्या तोंडावर शैलेंद्रने एकदाचं नेलं. नात सिया बरोबर. गुडघे कुरकुरायला लागले तशी एका बाकावर बसले. समोर डच चित्र, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. नुसती झाडं आणि आभाळ! खाली कोपऱ्यात बोटाएवढी माणसं – दाढीवाले आजोबा हात उंचावून उभे, पुढ्यात एक बाई, तिच्या हाताशी मुलगा, खांद्याला गाठोडं. मला वाटलं, सासरे आशीर्वाद देताहेत, सून माहेरी निघालीय. शिदोरीसुद्धा बांधून दिलीय.

सियाने शेजारची पाटी वाचली. "नो आजी! ही इज सेंडिंग देम अवे." बायबलातली गोष्ट म्हणे. म्हाताऱ्याच्या बायकोला ही दोघं घरात नको होती. ती बघ, दारात उभी आहे. मग वाळवंटात त्यांचं पाणी संपतं, मुलगा तहानेने...

मी म्हटलं, चला, घरी जाऊ.

१० नोव्हेंबर

भाजी करपली. लक्षच नव्हतं.

१३ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. १९८८, मे महिना, नागपूर. धाकटे दीर जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी ह्यांना म्हटलं – या घरात अहिल्या राहील, नाहीतर मी! हे बिचारे मुकाट्याने माझ्या त्या जावेला आणि तिच्या पाच वर्षांच्या देवदत्तला यवतमाळच्या एसटीत बसवून द्यायला निघाले. दशम्या मीच बांधल्या. अहिल्या म्हणाली, "ताई, पोरापुरतं पाणी?" फिरकीच्या झाकणाचा प्रवासाचा तांब्या फळीवरच होता. माझ्या माहेरचा. गेला असता तर परत आला नसता. म्हटलं, स्टँडवर मिळेल.

आणि दारात उभी राहून बघत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

शनिवारी माझं विमान, आणि शैलेंद्रला नेमकं कामासाठी सनीव्हेलला जायचंय. देवदत्त सोडेल म्हणतो. तो इथून जवळच, नोव्हायला असतो, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. "अगं आई, त्याने स्वतःहून ऑफर केलं. नको काय?"

सहा महिन्यांत देवदत्तने दोनदा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा गुडघ्यांवर ढकललं. मेल्यांनी माझं बरंच झाकलंय! पण सत्तरी आली. हे गेले. त्याची माफी न मागता मीही गेले तर? भीती वाटते.

२१ नोव्हेंबर

बॅगा भरल्या. उद्या गाडीत बसल्या बसल्या सांगायचं. नाहीतर मी थंडीवर बोलत बसेन, माझं मला माहीत आहे.

२२ नोव्हेंबर, डेट्रॉइट विमानतळ

सांगितलं. तांब्यासकट.

देवदत्त समोरचा रस्ता बघत म्हणाला, "माहितीय काकू. ती तहान आठवते मला." उतरल्यावर त्याने भरलेली पाण्याची बाटली हातात दिली. "लांबचा प्रवास आहे. राहू दे जवळ."

तपासणीच्या रांगेत तिथली मुलगी म्हणाली, पाणी ओतून टाका. नाही ओतलं. तिथेच उभ्याने सगळं प्यायले.