बंदूक घरात येण्याआधी

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हात तुझ्या आईचा, तोंड माझं. आम्ही सगळे ठीक आहोत, माझे गुडघे सोडून. तुझं पत्र नेहमीसारखं जेवणं झाल्यावर तुझ्या बाबानं सगळ्यांना वाचून दाखवलं, रेडिओवरच्या माणसाच्या थाटात. रात्रपाळी करून दिवसा झोपतेस म्हणे. घुबडही तेच करतं, पण ते तक्रार करत नाही.

आता इथली बातमी. तुझ्या बाबानं बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. आपल्या चष्म्याच्या दुकानात ते दोघं चोर चाकू घेऊन शिरले, गल्ला घेऊन गेले, त्याला महिने लोटले. पण बाबाच्या मानेवरचा चाकू अजून निघालेला नाही. फ्रेममध्ये काच बसवता बसवता उठून दार बघून येतो. त्यातून सरकार बंदुकीचे नियम आवळणार अशी हूल उठलीय, म्हणून ज्याला त्याला घाई. न्हाव्याच्या दुकानात रोज दोन तट. औषधवाला म्हणतो, चोराकडे हत्यार, मग सज्जनानंच रिकाम्या हातानं का मरायचं? पेन्शनीतले मास्तर म्हणतात, सज्जन कोण ते कोण ठरवणार? न्हाव्याला दोघांचंही पटतं, कारण दाढी दोघांचीही करायची असते.

मी तुझ्या बाबाला म्हटलं, चोर आला की तू आधी चष्मा शोधणार, मग कपाटाची किल्ली, मग गोळ्या. तोवर चोराला बसायला खुर्ची द्यायची का? हसला नाही. एरवी हसला असता.

तुझं मत कळव. लोभ आहेच, तो वाढव. थोडं वजनही वाढवलंस तरी चालेल.

तुझी आजी


दि. १२ फेब्रुवारी

ती. आजीस साष्टांग नमस्कार. आईलाही. आणि बाबा, वाचताय तुम्हीच, म्हणून तुम्हालाही.

घुबडाचा राग आलेला नाही. झोप पूर्ण झाली की येईल.

बाबांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या मानेला कुणी चाकू लावलेला नाही. आमच्या डॉक्टरीणबाई गावाबाहेर एकट्या राहतात, हाक मारली तर ऐकायला कुत्रंही नाही. त्या पिस्तूल बाळगतात, आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते मला आजवर सुचलेलं नाही. पण आमच्या वॉर्डात गोळी लागलेली माणसं येतात, त्यांच्या जखमा मी धुते. एकानं उशिरा आलेल्या मेव्हण्याला चोर समजून गोळी घातली होती. एकाची साफ करताना सुटली. चोर मात्र कुणी अजून आणून दाखवलेला नाही.

बाबा, दुकानाला चांगलं लोखंडी दार बसवा, संध्याकाळी एक माणूस सोबतीला ठेवा. माझं मत एवढंच. रागावू नका.

आजी, गुडघ्यांना शेक दे आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भिंगरी


दि. २० फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे बसून हे लिहून घेतेय. त्यांच्या तोंडात टाचण्या आहेत, त्यामुळे बाहेर काही फुटायचं नाही. तुझ्या आईच्या हातून हे लिहून घ्यायला जीभ रेटेना.

मला चोराची भीती नाही गं. चोर येतो, नेतो, जातो. मला भीती आहे ती तुझ्या बाबाची. भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत नुसता बसतो. दार वाजवलं तर गिऱ्हाईक म्हणून उठत नाही, दचकून उठतो. ताट तसंच परत जातं. परवा मी डोक्यावरून हात फिरवला, तर म्हणाला, आई, माझ्यावाचून तुमचं काही अडायचं नाही. मी थट्टा केली, म्हटलं, माझं तर अडेल, तुझ्याएवढं मोठ्यानं पत्र कोण वाचणार? तोंडावरची माशीही हलली नाही.

अशा माणसाच्या हाती बंदूक द्यायची? औषधवाला हक्क सांगतो, मास्तर कायदा सांगतात, आणि मला माझा लेक दिसतो. या वादाचा मला शीण आलाय. तू दवाखान्यातली, तुला कळतं. त्याच्या मनात काय आहे ते कसं ओळखायचं, काय करायचं, ते लवकर कळव.

माया ठेव. बाईंना ब्लाउज पूर्ण करायचाय, पुरे करते.

तुझी आजी


दि. २६ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि भिंतीला टेकून बसले.

ओळखायचं कसं म्हणतेस, तर सरळ विचारायचं. बाबांना विचार, जीव द्यावासा वाटतो का. याच शब्दांत विचार. विचारल्यानं नसतं ते मनात येत नाही, आम्हाला हेच शिकवलंय. आणि बंदूक घरात येऊ देऊ नकोस. तशी घटका येते, आजी, आणि टळतेही. दुसऱ्या दिवशी तीच माणसं चहा मागतात, मी पाहिलंय. पण बंदूक हाताशी असली तर टळायला वेळच मिळत नाही. ज्यांना तो वेळ मिळाला नाही, त्यांनाही मी पाहिलंय.

मग त्यांना डॉक्टरांकडे ने. नाहीच म्हणाले तर मी रजा टाकून येते. दुकान गेलं तरी चालेल मला. बाबा हवेत.

हे आईला आत्ताच सांगू नकोस. बाबांना तर अजिबात कळू देऊ नकोस.

भिंगरी


दि. ३ मार्च

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? आज तुझा बाप लिहितोय. पाकिटावर तू ठळक लिहिलंस म्हणे, फक्त आजीने वाचावे. शहाणे, आजीला वाचता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! आणि मीही कमी शहाणी नाही, उत्तर बाईंच्या पत्त्यावर टाक एवढं सांगायचं विसरले.

पोस्टमननं पाकीट तुझ्या बाबाच्या हाती दिलं. तो ते न फोडता माझ्यापाशी घेऊन आला, शिवणवाल्या बाईंना बोलावू का विचारू लागला. हो म्हणता आलं असतं. पण लपवालपवीचा कंटाळा आला गं. म्हटलं, तूच वाच, आणि मोठ्यानं वाच.

रेडिओचा थाट पहिल्याच ओळीला उतरला. तुझ्या प्रश्नापाशी येऊन थांबला. मी म्हटलं, तिनं मला विचारायला सांगितलंय, तर समज मी विचारलं. त्यानं चष्मा काढून पुसला. तुझी आई दारात ओलं भांडं धरून उभी होती, ती आत येईना की मागे जाईना. मग त्यानं शेवटपर्यंत वाचलं, अजिबात कळू देऊ नकोस इथपर्यंत.

परवाना काल हाती आला. बंदुकांच्या दुकानदारानं एक बंदूक बाजूला काढून ठेवलीय. मी आत्ता त्याला सांगतेय की, बाबा रे, आईला उत्तर देता येत नसेल तर लेकीला दे. मला वाचता येत नाही, त्याचा फायदा घे. मी खिडकीकडे तोंड करून बसते. तुला हवं ते लिही आणि पाकीट चिकटव.

माया आहे. ती घटू नये. यापुढचं माझं नाही.

आजी

भिंगरी,

तू विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. रोज नाही, पण हो. अर्ज केला तेव्हा चोरासाठीच केला होता. नंतर मनात चोर कमी येऊ लागला.

परवाना मी तुझ्या आईच्या हातात दिलाय. तिनं कुठे ठेवला ते मी विचारलेलं नाही, विचारणार नाही. डॉक्टरांकडे जायला तयार आहे, पण एकट्यानं नाही जमणार. रजा मिळाली तर ये.

आई खिडकीकडून विचारतेय, लिहून झालं का. झालं. पाकीट इतक्यात चिकटवत नाही. आधी तिला आणि तुझ्या आईला वाचून दाखवतो.

बाबा