साहेब घरी नाहीत

नॉरिच,
१७ मार्च १८८१

प्रिय ताई,

तुझा खोकला कसा आहे? छातीला लेप लावतेस ना? इकडे सगळं ठीक. ठीक कसलं! घाईघाईने लिहितेय, शाईचे डाग पडले तर रागावू नकोस.

आमच्या ह्यांची रोजनिशी तुला ठाऊकच आहे. रोज लिहायची आणि जेवणानंतर मला मोठ्याने वाचून दाखवायची, जणू पार्लमेंटातलं भाषण! 'हवेचा दाब उतरला. मटण चिवट. नदीपर्यंत फेरी. कोणी आलं नाही.' तीन वर्षं हे 'कोणी आलं नाही' मी मुकाट्याने गिळलं गं.

कारण क्लॅरा यायची. फोटो काढणाऱ्या पोराशी लग्न केलं म्हणून ह्यांनी पोटच्या लेकीला तोडलं. ती आली की आमच्या मोलकरणीने, हेस्टरने, दारातच सांगायचं, "साहेब घरी नाहीत." हे भिंतीपलीकडे खुर्चीत! विचारलं तर म्हणायचे, "मोठ्या घरांतून असंच सांगतात, त्याला खोटं म्हणत नाहीत." पोर आपल्या नावाचं कार्ड ठेवून निघून जायची. परवा तिने मला कळवलं, "आई, उद्या दुपारी बाळाला घेऊन एकदाच येते. बाबा नाही भेटले, तर पुन्हा ह्या दाराशी येणार नाही."

काल दुपारी घंटा वाजली. हेस्टर काही येईना. मी वर जिन्यात, जीव मुठीत धरून. पुन्हा घंटा. "हेस्टर! कुठे उलथली ही बया?" म्हणत हे स्वतः उठले. स्वतः, ताई! लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी दार उघडलेलं मी पाहिलं नाही. कडी कुठल्या बाजूला सरकते तेही कळेना.

उघडलं एकदाचं. समोर क्लॅरा, कडेवर बाळ. हे ताठ उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले काय, "साहेब घरी नाहीत."

स्वतःच्या तोंडाने!

मला वाटलं, संपलं सगळं. पण क्लॅरा लेक कोणाची! म्हणते कशी, "असं होय? मग आम्ही आत बसून वाट बघतो. तोवर ह्याला जरा धरता?" आणि दिलं की बाळ ह्यांच्या हातात!

बाळाने दोन्ही मुठींनी गालमिशा धरल्या, सोडेचना. "अगं, ओढतोय हा! क्लॅरा, ओढतोय गं!" हे ओरडले, हसले आणि मग ढसाढसा रडले. सताड उघड्या दारात, समोरच्या बाई पडदा सारून बघत असताना. मी धावत खाली आले ती रडतच.

हेस्टर कुठे होती म्हणतेस? तिला मीच सकाळी केक बांधून देऊन तिच्या मावशीकडे पिटाळलं होतं. ह्यांच्यापाशी चकार शब्द काढू नकोस हं!

जेवणं झाल्यावर हे रोजनिशी घेऊन उभे राहिले. चष्मा पुसला, परत पुसला. ना हवा, ना मटण. एकच ओळ वाचली आणि वही मिटली.

'आज मी घरी होतो.'

तुझी धाकटी, पण आता आजी म्हणवून घेणारी,
लव्हिनिया